जमनीनं झाकून ठेवलेला नातू

महागावच्या अलीकडे, टेकडीच्या पोटाशी जो तांडा हाय, त्यात जमनीचं घर साऱ्यात कडेचं. कडेची जागा तिनं मुद्दाम मागून घेतली. म्हने, मधात राह्यलं का चारी बाजूनं पाहनारे, कडेले राह्यलं का एकाच बाजूनं. देवीलाल, तिचा नवरा, गरीब मानूस. त्यानं विचारलं, "अन् दुसऱ्या बाजूनं चोर आला तं?"

जमनी म्हनली, "चोराचं मले भेव नाई. चोर काही विचारत तं नाई."

विचारनाऱ्या मानसाचंच तिले भेव. एसटीत बसली का कंडक्टरले पुढच्या फाट्याचं तिकीट मागे अन् उतरे महागावलेच. पैशे जास्त गेले तं गेले, पन आपन कुठं उतरतो हे त्याले काहून कळावं. पोलिओचे थेंब घेऊन बाई आली तं तिले म्हने, "आधी तू घे, मी पाहतो तुले काय होते ते." ती बाई बी हुशार, दोन थेंब जिभेवर टाकून दाखवे, तवा जमनी दाराची कडी काढे. देवीलाल तांड्यात सांगत फिरे, "माही बायको लगनाच्या मांडवात बी मले पुसत होती, तूच देवीलाल कशावरून."

पन हे काही तिच्या अंगात जल्मापासून नव्हतं. आनीबानीच्या सालात ती नवी सून होऊन तांड्यात आलती, फेटियाचे, म्हंजे घागऱ्याचे, आरसे बी अजून घासले नव्हते. एक दिवस एक सायब आला. गोड बोलला. सासऱ्यानं त्याले बाजीवर बसवलं, चा पाजला. सायबानं सहज पुसलं, "बाबा, लेकरं किती?" सासऱ्याची छाती फुगली. पाच पोट्टे अन् दोन पोरी, एकेकाचं नाव घेऊन सांगतलं त्यानं. मंग जीप आली अन् म्हाताऱ्याले नसबंदीले घेऊन गेली. वापस आला तवापासून तो अंगनात बसेना, कोनाच्या लगनात जाईना. जमनीच्या सासूनं त्या दिवशी सुनाइले जवय बसवून सांगतलं, "आजपासून कोनी लेकरं पुसले तं एक कमी सांगाचं. साऱ्यात लहान जे असन, ते सांगाचंच नाई."

अन् तांड्याची धुंड तं त्याच्याही आधीची. वर्षभरात ज्याच्या घरी पोट्टा झाला, त्याची धुंड होळीले होते. पोट्ट्याले मांडीवर घेऊन बसतात, डोक्यावर चादर धरतात, अन् होळी खेळनारे गडी, ज्याइले गेरिया म्हनतात, ते वरून काठ्यांवर काठ्या वाजवून त्याले आशीर्वाद देतात. मंग त्याचं नाव साऱ्या तांड्यापुढं पुकारतात. तवा तो तांड्याचा झाला. तोपर्यंत त्याले कोनी नावानं बोलवत नाई, पोट्ट्याच म्हनतात. जमनीच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी एकमेकीत अशा गुतून बसल्या का सुटता सुटेनात. धुंड होईलोक लेकरू सांगाचं नाई, कोनालेच नाई.

तिचा एकुलता एक पोरगा सुनील. पुसदले डिझेल इंजिनाचं काम शिकला, पुन्याले गेला, अन् तिथून एका कंपनीनं त्याले कॅनडात नेलं. तिथं बर्फात मोठाल्या ट्रकांची इंजिनं खोलते. बायको बबिता इथं सासू-सासऱ्यापाशी. तिची याडी, म्हंजे माय, लहानपनीच गेलती, म्हून बाळंतपन बी सासरीच करा लागलं. सुनीलनं तिकडे कायमचं राहाची फाइल टाकलती, त्याची अन् बबिताची. त्यात एक सवाल होता, लेकरं किती. फाइल टाकली तवा लेकरूच नव्हतं, तं त्यानं लिहिलं, नाई. खरंच लिहिलं. मंग सुट्टीवर येऊन गेला, अन् दसऱ्याच्या पुढं बबिताले पोट्टा झाला.

जमनीनं फोन घेतला, घराच्या मागं गेली, अन् शेजारीन ओठ पाहून समजन म्हून तोंडावर पदर घेतला.

"पोट्टा झाला रे. धुंड होईलोक कोनाले सांगू नोको."

"याडी, दोस्ताइले तं सांगू दे."

"दोस्ताले बी नाई. सरकारले तं बिलकुलच नाई."

"कोनतं सरकार?"

"तुह्या तिकडचं बी अन् इकडचं बी."

"तिकडचं सरकार तसं नाई वं याडी."

"सरकार सरकारच राह्यते. माह्या डोक्याची आन घे."

सुनील हासला, पन आन घेतली. याडीच्या डोक्याची आन तांड्यातलं लेकरू मोडत नाई, मंग ते बर्फात राहो का उन्हात.

माघ लागला अन् जमनीले घरात संशयाचा वास येऊ लागला. फोन वाजला का बबिता बाहेर जाये. सासू दिसली का आवाज बारीक करे. एक दिवस जमनी वावरातून लवकर आली, तं बबितानं बाजीवर पांढरी चादर टाकलती, वर पोट्ट्याले उताना निजवलं होतं अन् वाकून फोटो काढून राह्यलती.

"कायले काढून राह्यली वं?"

"असाच."

"असाच फोटो पांढऱ्या चादरीवर काढतात का? मेल्या मानसाचा काढतात तसा."

बबितानं पोट्ट्याले उचललं, चादर घडी केली. जमनीनं मनात पक्कं केलं का ही पोट्ट्याले घेऊन जानार. कुठं, कसं, ते तिले माहीत नव्हतं. पन जानार. सून आंघोयीले गेली तवा तिनं तिची पेटी उघडून पाह्यली. साड्या जिथल्या तिथं, काही बांधलेलं नाई. दुसरी कोनी असती तं तिचा जीव थंड झाला असता. जमनी म्हनली, म्हंजे ही काहीच संग न घेता जानार, अंगावरच्या लुगड्यानं.

मंग बुधवारी बबिता म्हनली, "याडी, पोट्ट्याले महागावले सुई द्याले नेतो."

सुईवाली नर्स तं तांड्यातच येते, अन् ती मंगळवारीच येऊन गेलती. जमनी म्हनली, "ने." सून आटोत बसून गेली, तशी ही मागच्या आटोत बसली. आटोवाल्यानं पुसलं, "कुठं जाचं, काकू?" "तू चालव. मी सांगीन थांब म्हून."

बबिता दवाखान्याच्या पुढून निघून गेली, बाजारातून वयली, अन् एका ऑनलाइनच्या दुकानात शिरली. दुकान धम्मरत्नचं. अर्ध्या तालुक्याचे फारम तो भरते, सातबाऱ्यापासून पासपोर्टापर्यंत. जमनी दारात जाऊन उभी राह्यली तं तिचा पोट्टा, म्हंजे नातू, धम्मरत्नच्या टेबलावर पालथा पडून त्याची पेन चाटून राह्यलता.

"हे काय सुई द्यून राह्यले का?"

बबिता पांढरी पडली. धम्मरत्न उठला. "या, मावशी, बसा."

"मी उभीच बरी. तू हिचा कोन लागतो?"

"मी कोनी नाई लागत. मी फारम भरतो."

"कायचं?"

धम्मरत्ननं बबिताकडे पाह्यलं. बबितानं खाली मान घालून म्हटलं, "सांगा. आज ना उद्या कळनारच होतं."

धम्मरत्ननं सांगतलं ते असं. कॅनडावाल्यानं सुनीलले निरोप पाठवला, का तुमचं काम होत आलं, आता शेवटचं सांगा, मधात घरात काही बदल झाला का, लेकरू झालं का. जबाब ह्या महिन्यात द्याचा हाय. होळी पुढच्या महिन्यात. अन् सुनील जबाब देत नाई, कारन त्याले आन हाय.

"मंग होळी झाल्यावर देईन," जमनी म्हनली.

"तोवर ते थांबत नाईत. नाई झालं म्हून धरून चालतीन, नाई तं फाइलच बंद करतीन."

"अन् पक्का कागद आल्यावर सांगतलं तं? का बा, आमचं एक लेकरू बी हाय."

"तवा ते पुसतीन, आधी काहून झाकलं. ज्याचं नाव त्या वक्ताले सांगतलं नाई, त्याले मंग आई-बापाच्या नात्यानं बोलवता येत नाई, मावशी. मायबाप तिकडे, पोट्टा इकडे."

"अन् आता सांगतलं तं?"

"फाइल थांबन. त्याचे कागद मागतीन, जल्माचा दाखला, पासपोर्ट, पांढऱ्या चादरीवरचा फोटो. टाइम लागन. पन तो फाइलीत राहीन."

जमनी इतका वेळ दाराची चौकट धरून उभी होती. तिनं हळूच पुसलं, "म्हंजे नाई सांगतलं तं हा पोट्टा इथंच राहीन?"

"हो, तेच तं सांगून राह्यलो."

धम्मरत्नले वाटलं का मावशीले समजलं. बबितानं मात्र सासूच्या तोंडाकडे पाह्यलं, अन् तिथं जे दिसलं ते पाहून तिनं पोट्ट्याले टेबलावरून उचलून छातीशी धरलं.

वापस येतानी दोघी एकाच आटोत बसल्या अन् दोघी दोन बाजूले पाहत आल्या. घरात पाय टाकल्याबरोबर बबिता फुटली.

"तुमाले तेच पाहिजे. धुंडीचं निमित्त हाय. तुमाले पोट्टा ठेवून घ्याचा हाय."

"मी तुही पेटी पाह्यली, तूनं माहं मन पाह्यलं. फिटलं दोघीचं," जमनी म्हनली.

"पेटी पाह्यली?"

"हो, पाह्यली. काय करशीन?"

देवीलाल अंगनात कापसाची गाठोडी बांधत होता. तो आतून आवाज ऐकून म्हनला, "पोट्टा निजला असन तं हळू भांडा. जागा असन तं करा मोठ्यानं, त्याले बी घरची वयख होईन." दोघीपैकी कोनी हासलं नाई.

बबितानं तिथूनच सुनीलले फोन लावला. सुनील एकच बोले, "मी याडीची आन घेतली हाय. याडीले पुस. ती म्हनन तसं." बबिता म्हनली, "तुमच्या याडीलेच तं पुसून राह्यलो. तिच्या मनात काय हाय ते मी डोयानं पाह्यलं." जमनी चुलीपाशी बसून सारं ऐकत होती. खोटं हाय म्हनाले तिचं तोंड उघडलं नाई, कारन आटोत सारा रस्ता तिच्या मनात तेच चालू होतं. आपन काहीच करा लागत नाई. नुसतं गप बसलं तरी पोट्टा इथं राह्यते. त्याची धुंड होईन, तो अंगनात रांगन, शायेत जाईन, अन् याडी म्हनन तं आपल्यालेच म्हनन. हात बी हालवा लागत नाई अन् कोनी बोट बी दाखवू शकत नाई, कारन रीतच तशी हाय.

दुसऱ्या दिवशी ती नेमसिंगकडे गेली. नेमसिंग तांड्याचा नायक, न्याय त्याच्याच ओट्यावर होते. जमनीनं आधी त्याच्या घरात कोन कोन हाय ते पाह्यलं, मंग पुसलं, "नायक, होळीच्या आधी धुंड करता येते का?"

"होळीबिगर धुंड कशी होईन? गेरियाच नाईत, तं काठ्या कोन वाजवन?"

"म्हंजे नाई होत."

"नाई होत. काहून, काय झालं?"

जमनीनं सांगतलं. सारं नाई, अर्धं. नेमसिंगनं उरलेलं अर्धं आपल्या मनानं जोडून घेतलं. तो म्हनला, "जमनी, एक पुसतो. तुले रीत मोडाचं दुख हाय का पोट्टा जाचं?"

"तुले काय करा लागते?"

"मले नाई करा लागत. पन रीतीचं असन तं रीत तांड्यापुढं नाव पुकाराची हाय. तिकडच्या सायबापुढं तांडा कुठं बसला हाय?"

जमनीले नायकाचा बी संशय आला. ह्याचा पुतन्या बी तिकडे जाच्या गोष्टी करते, ह्याले आपला रस्ता मोकया करून घ्याचा असन. ती चा न पिता उठली.  पन नायकानं पुसलेल्या सवालाचा जबाब तिले माहीत होता अन् तो रीतीचा नव्हता.

 मंग काही दिवस बबिता पोट्ट्याले कडेवरच ठेवे, जमनीच्या हातात देईना. आधी भाकरी टाकाच्या वक्ती ती आपनच त्याले सासूच्या मांडीवर टाकून देये. आता एका हातानं पीठ मये, दुसऱ्या हातात पोट्टा. जमनी हे पाहे. आयुष्यभर ती दुसऱ्याइवर नजर ठेवत आली, आता तिच्याच घरात तिच्यावर कोनी तशी नजर ठेवून होतं. सासरा जीपीतून उतरला तवा लोकाकडे कसा पाहे, ते तिले आठवलं. तसंच पाहून राह्यलती सून. अन् ह्या वक्ताले जीपवाली आपन.

महिना सरत आला. एका सकायी बबिता भाकर भाजत असतानी जमनी तिच्यासमोर जाऊन बसली.

"एक पुसू का?"

"पुसा."

"तू त्याले घेऊन गेली, तं वापस आनशीन? वर्षाले नाई म्हनत. कधीमधी होळीले."

आता बबिता काय म्हनन, ते जमनीले माहीत होतं. हो याडी, दर होळीले आनीन, तुमाले बी घेऊन जाईन. काम काढाचं असलं का लोक असंच म्हनतात. तसं ती म्हनली असती, तं जमनीनं उठून पाठ फिरवली असती अन् महिना सरू देला असता.

बबितानं तव्यावरची भाकर उलटवली. डोयात पानी होतं, पन आवाज सरळ होता. "नाई माहीत, याडी. तिकडून यायले काय लागते, सुट्टी भेटते का नाई, मले काहीच माहीत नाई. हो म्हनलं असतं तं तुमी आज खुश झाल्या असत्या. पन मी खोटं कायले बोलू?"

जमनीले आनीबानीतला तो सायब आठवला. सायबानं गोड बोलून लेकरं पुसले होते. फसवनारं मानूस असं कडू बोलत नाई. इतक्या वर्षांत तिले पहिल्यांदा असं मानूस भेटलं जे मांगनाऱ्या जागी बसून बी खोटं हो म्हनलं नाई, अन् ते तिच्याच चुलीपाशी.

"फोन लाव," ती म्हनली.

"कोनाले?"

"सुनीलले. आता त्याची सांज झाली असन, जागा असन."

सुनीलचं तोंड फोनमधी दिसलं. मागं भिंत पांढरी, अंगात जाड स्वेटर.

"सुनील, मी माही आन वापस घेतो. त्याइले सांग, पोट्टा झाला म्हून. लेकरं किती पुसतीन तं एक म्हन. कमी नोको सांगू."

 सुनील म्हनला, "याडी, नाव पुसलं तं?"

"नाव अजून ठेवलं नाई म्हन. खरं तेच हाय. नाव तांडा ठेवन. जल्मला कधी ते सांग, कोनाच्या पोटी ते सांग."

"आताच लिहितो."

"लिहून झाल्यावर मले वाचून दाखव."

त्यानं लिहिलं अन् मराठीत सांगून दाखवलं. जमनीचं तेवढ्यानं भागलं नाई. तिनं बबिताले तो निरोप धम्मरत्नच्या मोबाइलवर टाकाले लावला, अन् दुपारी सोता महागावले जाऊन धम्मरत्नले म्हनली, "हे वाच. सुनीलनं मले काय सांगतलं ते मी तुले नाई सांगत. तू आधी सांग." धम्मरत्ननं वाचलं. दोघाइचं जमलं, तवा ती खुर्चीवर बसली अन् पानी मांगून पेली.

फाइल थांबली. तिकडून जबाब आला, का लेकराचे कागद द्या, तपासनी होईन, तोपर्यंत पक्का कागद भेटनार नाई. सुनील नाराज झाला. बबितानं चार दिवस तोंड उतरवून काम केलं. जमनी मात्र धम्मरत्नवर संशय घेऊन बसली, का ह्यानंच आपली दया येऊन फाइल हळू करून ठेवली. त्यानं हात जोडून सांगतलं, मावशी, तिकडचं माह्या हातात काहीच नाई. तिले पटलं नाई, पन जातानी तिनं पिशवीतून आनलेल्या तुरीच्या शेंगा त्याच्या टेबलावर ठेवून देल्ल्या.

अन् म्हून होळीले पोट्टा तांड्यातच होता. चादर धरली, काठ्या वाजल्या. पहिल्यांदा तो दचकला, मंग टकमक वर पाहाले लागला. नेमसिंगनं नाव पुकारलं, बादल. जमनीनंच ते सांगतलं होतं. होळीनंतर ते नाव जल्माच्या दाखल्यावर चढलं, दाखल्यावरून पासपोर्टावर. बबिता दाखल्याच्या कामाले निघाली का पोट्ट्याले आता सासूच्या मांडीवर टाकून जाये.

पक्का कागद आला तवा बादल उभा राहू लागला होता. जाच्या दिवशी यवतमाळवरून गाडी आलती. जमनीनं आधी डायवरचं नाव पुसलं, गाव पुसलं, गाडीचा नंबर देवीलालले पाठ कराले लावला. देवीलाल म्हनला, "डायवरची कुंडलीच मांडतो थांब." मंग ती बबिताजवय गेली. बादल तिच्या खांद्यावर अर्धा निजलेला.

"पोचल्यावर फोन लावीन, याडी," बबिता म्हनली. "पुढचं मी काही म्हनत नाई."

"नोको म्हनू," जमनी म्हनली. तिनं बादलचं डोकं नीट खांद्यावर टेकवलं. "लावला तं लावजो. नाई लागला तं मी समजीन, लाइन गेली असन."